मृग तोंडावर आला. पेरणीआधी काय उरकाल?

रोहिण्या निघाल्या की वाचकांचे प्रश्न सुरू होतात आणि दरवर्षी ते जवळपास तेच असतात. 'वळीव चांगला झाला, पेरू का?' 'घरचं सोयाबीन चालेल की पिशवी आणावी लागेल?' 'दुकानदार युरियाबरोबर दुसरं काहीतरी गळ्यात मारतो, काय करायचं?' 'विमा भरावा का?' विचारणारे बहुतेक दोन-तीन एकरवाले, कोरडवाहू, घरच्या माणसांच्या बळावर शेती करणारे असतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातल्या खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. एवढ्याशा रानात एक पेरणी वाया गेली, तर दुसरी बहुधा उसनवारीवरच होते. म्हणूनच मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस मला सगळ्या खरिपात महत्त्वाचे वाटतात.

हा लेख लिहिताना मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातले सोयाबीन, तूर, कापूस, मूग-उडीद घेणारे कुटुंब डोळ्यांपुढे आहे. भातवाल्यांचे वेळापत्रक वेगळे असते. पण जनावरे, विहीर, वीज, कर्ज आणि कागदपत्रे यांबद्दलचे भाग त्यांनाही लागू आहेत.

पाऊस झाला, पेरू का?

एका पावसावर पेरू नका. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे सांगतात तो आकडा ७५ ते १०० मिलिमीटरचा आहे. एवढा पाऊस झाला आणि जमीन चार ते सहा इंच खोल ओली झाली, की मगच तिफण काढा.

मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि मोसमी पाऊस यांची गल्लत करू नका. वळीव एका शिवारात धो धो पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत राहते. मोसमी पाऊस आल्याची बातमी आली तरी तो थांबणार नाही याची हमी नसते. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो आल्याची त्याआधी नोंद नव्हती. पण नंतर तो अडकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. २०२३ मध्ये तो ११ जूनला रत्नागिरीपर्यंत येऊन थबकला आणि मुंबई गाठायला त्याने २५ जून उजाडवला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. दोन्ही वर्षी बातमीवर विसंबून ज्यांनी घाई केली, त्यांच्यावर दुबार पेरणीची टांगती तलवार राहिली.

आपल्या रानात किती पाऊस पडला हे तुम्हाला स्वतः मोजता येते. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

- तळ आणि तोंड सारखेच रुंद असलेला, सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा घ्या. निमुळता तांब्या किंवा बादली चालत नाही.
- घर आणि झाड यांपासून दूर, उघड्यावर, दगड लावून पक्का ठेवा.
- रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची मुलांच्या कंपासातल्या पट्टीने मोजा. पट्टीच्या शून्याआधी रिकामी जागा असेल तर ती हिशोबात धरा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस.
- आकडा कॅलेंडरवर लिहा आणि डबा रिकामा करून पुन्हा ठेवा.

महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा वेगळा येऊ शकतो, कारण ते केंद्र तुमच्या बांधापासून काही किलोमीटर लांब असते. पेरणीसाठी तुमच्या डब्याचा आकडा धरा.

बेरीज ७५ च्या पुढे गेली की रानात जाऊन खुरप्याने वीतभर खोल उकरा. तळाची माती मुठीत दाबली आणि तिचा गोळा झाला, तर ओल खाली पोचली आहे. वर चिखल आणि खाली भुगा अशी स्थिती असेल, तर थांबा. वरच्या ओलीवर बी फुगते, मोड येतो आणि चार दिवसांचे ऊन पडले की करपते.

पाऊस लांबला म्हणून धीर सोडण्याचेही कारण नाही. मूग-उडदाची पेरणी जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येते. त्यानंतर सोयाबीनचा हट्ट सोडून बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांकडे वळावे. एकाच पिकावर सगळे रान लावण्यापेक्षा सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी टाका. सोयाबीनला ऑगस्टमधल्या खंडाने मारले तरी तूर तग धरते. भारी जमिनीत रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलेत तर खंडात ओल टिकते आणि अतिपावसात पाणी सरीतून निघून जाते. पेरणी उताराला आडवी करा.

कापूसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पाण्याची सोय आहे म्हणून मे महिन्यात कापूस लावू नका. हंगामपूर्व कापसाला लवकर पाते-फुले येतात आणि शेंदरी बोंडअळीची पहिली पिढी त्यावरच पोसली जाते. मग ती सगळ्या गावाच्या कापसावर उतरते. लागवड १ जूननंतरच करा.

घरचे बियाणे चालते, पण आधी उगवण तपासा

सोयाबीनचे परागीभवन त्याच फुलात होते, त्यामुळे त्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. एकदा प्रमाणित बियाणे आणले, की त्यापासून आलेले घरचे बी पुढची दोन वर्षे वापरता येते. संकरित कापूस, मका, बाजरी यांचे मात्र तसे नाही. त्यांचे बी दर हंगामाला नवेच लागते.

सोयाबीनचे साल पातळ असते. पोते आपटले, मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोत्यांची उंच थप्पी लावली, की आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोरा, पिवळाधमक दिसतो आणि रानात उगवत नाही. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, चाचणी करा. बियाणे निवडण्यात घरातल्या बायकांचा हात बसलेला असतो. ही चाचणी त्यांच्या हातून उत्तम होते, आणि किती पेरायचे या निर्णयातही त्यांना बसवावे असे मला मनापासून वाटते.

१. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढा आणि एकत्र करा. त्यातले डोळे मिटून १०० दाणे मोजा. चांगले-चांगले वेचलेत तर चाचणी तुम्हालाच फसवेल.
२. स्वच्छ गोणपाट भिजवून पिळून घ्या. पाणी गळत राहील इतके ओले नको. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. दाणा दाण्याला चिकटू देऊ नका.
३. वरून दुसरे ओले गोणपाट घाला, हलक्या हाताने गुंडाळी करा आणि घरात सावलीला ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा.
४. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेलेच दाणे मोजा. नुसता फुगलेला, बुळबुळीत झालेला, कोंब तुटका असलेला दाणा मोजायचा नाही.

शंभरातले ७० किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ उगवले तर एकरी साधारण ३२ किलो आणि ६० उगवले तर ३५ किलो लागते. साठाच्या खाली गेले तर ते बी तेलगिरणीला द्या, रानात टाकू नका. चांगले बी घरात उरत असेल तर शेजाऱ्याला सांगा. गावातच बियाणे मिळाले तर त्याचाही खर्च वाचतो.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू खत. रायझोबियम दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात, पेरणीच्या दिवशीच, दोन-तीन तास आधी चोळून सावलीत सुकवा. उन्हात वाळवलेत तर जिवाणू मरतात. सोयाबीन जोरात रगडू नका, साल सुटते. हातात मोजे घाला. प्रक्रिया केलेले उरलेले बी माणसांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाणार नाही, अशा जागी ठेवा. पेरताना खोली तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. सोयाबीन न उगवण्याचे खोल पेरणी हे एक मोठे कारण आहे आणि त्याचा दोष बियाण्यावर जातो.

पिशवी घ्यायचीच असेल तर

खरेदीत सगळ्यात मोठी चूक उधारीत होते. 'पैसे दिवाळीला द्या' म्हणणारा दुकानदार बहुतेक वेळा बिल देत नाही, वहीत नोंद करतो आणि आपणही भिडेखातर मागत नाही. पुढे बी उगवले नाही की हातात काहीच उरत नाही. लक्षात घ्या, बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याने रोखीचे किंवा उधारीचे बिल द्यायलाच हवे. उधारीवर घेता म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही.

बिलावर हे सगळे आहे ना, दुकानातच उभे राहून पाहा:

- पीक, वाण, कंपनी, लॉट नंबर, वजन, किंमत आणि तारीख;
- तुमचे नाव आणि दुकानदाराची सही.

मग पिशवी पाहा. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी. त्यावरची उगवणशक्ती आणि वापराची अंतिम तारीख वाचा. शिलाई उसवलेली किंवा पुन्हा मारलेली वाटली तर ती पिशवी घेऊ नका. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे 'या वाणाचा तुटवडा आहे' या सबबीवर जास्त पैसे मागणे बेकायदा आहे. तणनाशकाला दाद न देणारे म्हणून चोरून विकले जाणारे कापसाचे बियाणे घेऊ नका. त्याला देशात मान्यता नाही आणि त्याचे बिल मिळत नाही. फसलात तर दाद मागायला जागा राहत नाही.

पिशवी वरच्या बाजूने न फोडता खालून फोडा, म्हणजे खूणचिठ्ठी शाबूत राहते. पेरताना मूठभर बी पिशवीतच शिल्लक ठेवा आणि बिलासकट पीक निघेपर्यंत जपा. विकतच्या बियाण्याचीही उगवण वरच्या पद्धतीने तपासायला हरकत नाही. उलट तपासाच.

खताबरोबर दुसरे काही घ्यायची सक्ती

निमकोटेड युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना मिळते. खत ई-पॉस यंत्रावर आधार पटवून घ्यायचे आणि यंत्रातून निघालेली पावती मागून घ्यायची. युरिया हवा तर अमुक टॉनिक किंवा विद्राव्य खत घ्याच, अशी सक्ती करता येत नाही. सक्ती झाली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याने भांडण्यापेक्षा गावातल्या चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिलेला बरा. अशा अर्जाकडे दुर्लक्ष करणे कार्यालयाला जड जाते.

बी उगवले नाही तर

आठ-दहा दिवसांत रानात विरळ उगवण दिसली, की वाट न पाहता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सोबत बिल, खूणचिठ्ठी आणि सातबाऱ्याची प्रत जोडा. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येते आणि पंचनामा करते. तोपर्यंत रान मोडू नका. दुबार पेरणीची वेळ निघून जात असेल, तर निदान एक पट्टा तसाच राखून ठेवा आणि बाकीच्या रानाचे तारखेसह फोटो काढा. समिती ओल, पाऊस, खोली आणि बीजप्रक्रिया विचारते. कॅलेंडरवर लिहिलेले पावसाचे आकडे तिथे तुमच्या बाजूने बोलतात.

भरपाई समितीकडून मिळत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 'शेतकरी ग्राहक नाही' हा कंपन्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात २०१२ मध्येच फेटाळला आहे. सगळे बी पेरून टाकले, नमुना उरला नाही, एवढ्यावरून तक्रार बाद होत नाही, हेही त्याच निकालातून स्पष्ट झाले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावणे बंधनकारक नाही.

शेणखत आणि हुमणी

शेणखत आतापासून रानात ढीग करून ठेवू नका. उन्हाने त्यातला नत्र उडून जातो. शेवटच्या पाळीच्या आधी पसरा आणि लगेच कुळवून मातीत मिसळा. खत पूर्ण कुजलेले हवे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या रानात येतात.

हुमणीचा बंदोबस्त करायची खरी वेळ हीच आहे आणि बहुतेक जण ती दवडतात. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी सात-साडेसातला जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर निघतात आणि बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला बसतात. कंदील घेऊन झाडाखाली उभे राहिलात तर पानांत त्यांची सळसळ ऐकू येते. खाली जुने लुगडे किंवा ताडपत्री अंथरा, बांबूला आकडा बांधून फांद्या जोरात हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाका. या किडीची वर्षाला एकच पिढी होते. अंडी घालायच्या आत मादी मारलीत तर ऑगस्टमध्ये मुळे खाणाऱ्या अळ्या त्या प्रमाणात कमी होतात. मात्र एका घराने करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. आळीतल्या सगळ्यांनी पहिल्या पावसानंतर काही संध्याकाळी हे करावे. पोरेसोरेही उत्साहाने येतात.

पैसा कुठून आणाल?

आधी बँक किंवा गावची सोसायटी. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते बिनव्याजी पडते. फक्त 'मुदतीत' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. तुमची परतफेडीची शेवटची तारीख शाखेतून लिहून घ्या. थोडे दिवस उसनवारी करावी लागली तरी चालेल, पण ती तारीख चुकवू नका. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर घरी परतू नका.

सावकाराकडे जायची वेळ आलीच, तर एवढे माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना असलेलाच सावकारी करू शकतो. शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. 'शेकडा तीन' किंवा 'शेकडा पाच' हे दर महिन्याचे असतात. वर्षाचा हिशोब केलात तर ते ३६ आणि ६० टक्के होतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही करू नका. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत कधीच करून देऊ नका. ते आधीच झाले असेल आणि समोरचा अवैध सावकारी करत असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांची चौकशी करून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्ज देता येतो.

गोठा

- घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पाऊस सुरू व्हायच्या आत टोचून घ्या. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्या. लाळ्या-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत मोफत असते.
- कडब्याची गंजी उंचवट्यावर रचा आणि वरून ताडपत्री पक्की बांधा. बुरशी आलेला कडबा जनावराला घालू नका.
- पहिल्या पावसानंतर फुटलेली ज्वारीची कोवळी धाटे जनावरांना खाऊ देऊ नका. त्यात विष असते. किराळ लागून धडधाकट बैल तासाभरात दगावतो.
- युरियाची गोणी गोठ्यात ठेवू नका. खताची रिकामी गोणी भिजवलेले पाणीही जनावराला घातक असते.

विहीर, वीज, साप

विहिरीचा गाळ याच दिवसांत काढतात. जुन्या, खोल, बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो. एकटे उतरू नका आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणाला उतरवू नका. डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवून चालवू नका. आत माणूस कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उतरू नये. एकाच घरातले दोघे-तिघे याच घाईत जीव गमावतात.

वळवाच्या ढगांतून वीज पडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर ठेवा. गडगडाट ऐकू आला की औत सोडून पक्क्या घरात जा. आंब्याखाली किंवा लिंबाखाली थांबू नका, बैल झाडाला बांधू नका. वीज पडून माणूस गेला तर कुटुंबाला सरकारी मदत चार लाख रुपये मिळते. दुभते जनावर दगावले तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये असा दर आहे. तलाठ्याला त्याच दिवशी कळवा, आणि पंचनामा व शवविच्छेदन होईपर्यंत जनावर पुरू नका.

उकाड्याने सगळे घर अंगणात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपते. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा साधा उपाय आहे. साप चावला तर आवळून दोरी बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळते. अपघात, सर्पदंश किंवा विजेने १० ते ७५ वयाचा शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. दुःखात ही मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी ती आठवण ठेवावी.

वर्षाचे धान्य भरतानाही जपा. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा, मगच कणगीत भरा. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने झोपेत माणसे दगावली आहेत.

विमा आणि नोंदी

एक रुपयात विमा ही सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता अन्नधान्य आणि गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, तर कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. विमा ऐच्छिक आहे. कर्जदाराला नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते, नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो. भरण्याआधी केंद्रावर एकच प्रश्न स्पष्ट विचारा: भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर मिळणार, की माझ्या रानातल्या नुकसानीवरही? या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत आणि उत्तरावरच तुमचा निर्णय ठरेल. माझे मत विचाराल तर, ज्यांच्या मंडळात गेल्या काही वर्षांत पावसाचा खंड वारंवार पडला, त्यांनी सोयाबीनचा विमा जरूर घ्यावा. अर्ज भरण्याचे वेगळे पैसे केंद्रचालकाला देऊ नका. ते त्याला विमा कंपनीकडून मिळतात.

शेतकरी ओळख क्रमांक अजून काढला नसेल तर पेरणीच्या धांदलीआधी काढा. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो लागतो. आधार, सातबारा आणि बँक पासबुक यांवरचे नाव एकसारखे आहे का, तेही आताच तपासा. 'बाबूराव' आणि 'बाबुराव' एवढ्या फरकाने पैसे अडकतात.

पेरणी झाल्यावर ई-पीक पाहणी स्वतः करा. खरिपाची नोंद साधारण ऑगस्टपासून सुरू होते. मोबाइल जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बांधावर घेऊन जा. सातबाऱ्यावर पीक चढले नसेल तर अतिवृष्टीच्या मदतीपासून हमीभाव खरेदीपर्यंत सगळीकडे अडचण येते, आणि मुदत संपल्यावर ती नोंद तुम्हाला स्वतःला करता येत नाही.